कानामागचा पंप

विब्रेनला आधी वाटलं, पंपाचाच आवाज.
तीस वर्षं पंपघर राखणाऱ्याच्या कानात
दुसरं काय असणार?
फ्रिसलंडमधलं आमचं घर समुद्राहून दोन हात खाली,
उपसा थांबला तर बटाट्यांत मासे.
पण पंप बंद असतानाही
शूं... शूं... शूं,
नाडीच्या पावलावर पाऊल टाकत.

कानाचे डॉक्टर म्हणाले, वय झालं. सवय करून घ्या.
पहिल्या स्कॅनमध्ये काही नव्हतं.
तो कानामागे अंगठा रुतवून झोपू लागला.
दाबलं की थांबतं, म्हणायचा,
आणि डोळा लागला की अंगठा निसटे.

एका रात्री मी माझा कान तिथे टेकवला.
सेहेचाळीस वर्षांच्या संसारात
त्याच्या डोक्यात काय चाललंय ते
पहिल्यांदाच ऐकू आलं मला.

ग्रोनिंगनला हे सांगितलं तेव्हा
एकटी हिल्ट्ये हसली नाही.
शिकाऊ डॉक्टर, एक मोजा उलटा घातलेला.
तिने स्टेथोस्कोप छातीवर नाही,
कानामागच्या हाडावर ठेवला
आणि डोळे मिटले,
रेडिओवर वादळाची बातमी ऐकावी तसे.

मग मांडीच्या सांध्यातून नळी वर गेली.
पडद्यावर काळं झाड उगवलं,
ते पुरतं फुटायच्या आतच
शीर भरलेली दिसली.
"इतक्या लवकर दिसायला नको होती," हिल्ट्ये म्हणाली.
मधलं केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं टाळून
धमनी थेट शिरेत उतरत होती,
थोडं रक्त उलटं मेंदूकडे चढत होतं.
विब्रेन म्हणाला,
"म्हणजे मोठा कालवा कुणी शेतातल्या चरात सोडलाय."
"हो. आणि चराचे काठ मातीचे आहेत."

त्यांनी ते भोक बुजवलं.
काळा चिकट द्रव, थेंबाथेंबाने, चार तास.
मी कॉफीचे सात कागदी पेले
एकात एक घालत बसले.
नंतर त्याच्या श्वासाला लसणाचा वास,
औषधाचाच, म्हणाले.
आमच्या घरात लसूण कधी शिजला नाही.

घरी पहिल्याच रात्री तो ताडकन उठला,
"पंप बंद पडला!"
सपाता घालून बांधावरून लंगडत निघाला,
मागे मी, टॉर्च घेऊन, ओरडत.

पंप चालू होता.
पाणी खुणेच्या चार बोटं खाली.
कठडा धरून तो बराच वेळ उभा राहिला.

अजून तो झोपला की मी कान लावते.
त्याला सांगितलेलं नाही.
काहीच येत नाही ऐकू.
मग आणखी थोडं ऐकते.