काजळीचा कागद

जालन्यात, शाळेच्या गच्चीवर,
यंत्रातला गोल कागद मी बदलते.
पौषातला निघतो तव्याच्या बुडासारखा.
रोलिंग मिलचा धूर थंडीत वर चढत नाही,
गोधडीतल्या पोरासारखा
गल्लीतच लोळत राहतो.

चैत्रातला तांबूस. ती धूळ, झटकली की जाते.

आषाढात वारा फिरला, कागद जवळजवळ कोरा.
साहेब म्हणाले, ही समुद्राची हवा, गयाबाई.
समुद्र मी पाहिलेला नाही.
कोणी बघत नाही असं पाहून
कागद नाकाशी धरला.
मिठाचा वास कसा असतो?

भावजयीला मुलगी झाली, ऐन पौषात.
पाचवीला सगळ्या विचारत होत्या,
गालाला तीट कोणी लावली?
कोणीच नाही, भावजय म्हणाली.
रात्री खिडकी उघडी राहिली होती.