भट्टीच्या पत्र्यावर

दर महिन्याच्या दहा तारखेला कंपनीचा हिशेब येतो.
भाडं नऊशे पंचाहत्तर. वजा दहा टक्के.
वजा नळाचा वायसर, एकशे पंच्याऐंशी डॉलर.
वायसर चाळीस सेंटला मिळतो.
उरलेले बहुधा तो घेऊन येणाऱ्याच्या चालण्याचे.

मी इथे टूसॉनला, मुलीच्या घरी,
गुडघ्यांना थंडी सोसत नाही म्हणून.
घर तिकडे, टोलीडोत,
एकतीस वर्षं वितळलेल्या काचेसमोर उभा राहून घेतलेलं
दुसरं घर.
पहिल्यात राहायचं, दुसऱ्यानं म्हातारपणी पोसायचं
असा माझा नि इलोनाचा बेत.
इलोना बेत अर्ध्यावर टाकून गेली.

ऑक्टोबरच्या हिशेबात : झाड तोडणे, सहाशे चाळीस.
फोन लावला. बासरी वाजली, बराच वेळ.
मग ब्रेडन नावाचा एक मुलगा
(मागच्या खेपेला टायलर होता)
म्हणाला, पुढच्या अंगणातलं झाड, सर.
पुढच्या अंगणात मी कधी झाड लावलंच नाही.
मागे मात्र एक नासपती आहे,
मार्टाच्या जन्माच्या साली लावलेली.
दोन रात्री मी पंख्याकडे बघत पडलो.
भाडेकरूला विचारता येत नव्हतं.
करारातलं नववं कलम :
मालक आणि भाडेकरूनं परस्पर बोलू नये, गैरसमज होतात.

जानेवारीत, रात्री साडेदहाला, टोलीडोचा अनोळखी नंबर.
"इम्रे हालास तुम्हीच का?
भट्टीच्या पत्र्यावर पेन्सिलीनं तुमचा नंबर आहे."
बाई स्कूलबस चालवते. ओडेसा प्रुइट.
चार दिवस झाले, भट्टी पेटते आणि विझते,
मुलं कोट घालून झोपलीत,
कंपनी म्हणते, तुमची तक्रार नोंदवली आहे.

मी म्हटलं, आधी भिंतीवरचं बटण बंद करा.
खालचं झाकण काढा. एक स्क्रू सोडा.
बोटाएवढी दांडी बाहेर येईल, काळवंडलेली.
भांडी घासायचा तारेचा चोथा आहे ना?
हळू. नख घासल्यासारखं.
फोन तिनं बहुतेक पायरीवर ठेवला होता.
स्क्रू घरंगळला, ती कोणावर तरी ओरडली,
टॉर्च नीट धर म्हणाली.
मग ती घरघर.
अठराशे मैलांवरून मी ती ओळखली.

"मागे नासपतीचं झाड होतं," मी म्हटलं.
"आहे की. मुलांनी दोर बांधलाय झोक्याला.
बांधू नये का?"
मला लगेच बोलता आलं नाही.

तिला वाटलं असेल मी रागावलो.
थोडं थांबून तीच म्हणाली,
"गेल्या वर्षी पन्नास डॉलर वाढले, ते तुम्ही वाढवलेत?"
"कंपनीनं सुचवलं."
"सही?"
सही माझी. टीव्ही बघता बघता
फोनवर अंगठा टेकवला होता.
तसं सांगितलं तिला.
ती "बरं" म्हणाली. नुसतं बरं.

दहा फेब्रुवारी. हिशेब :
भट्टी दुरुस्ती, तातडीची, रात्रीची फेरी,
चारशे वीस.
मी इतका हसलो की मार्टा स्वयंपाकघरातून धावत आली.
कुंपणानं शेत खाल्लं ते खाल्लं,
वर ढेकरेचे पैसे लावले.

करार मोडायला साठ दिवसांची नोटीस लागते
आणि एका महिन्याचं भाडं. पत्र टाकलंय.
पुढे कसं निभावायचं, ते मार्टा विचारते,
मलाही माहीत नाही.
ओडेसाचे या महिन्याचे दोनशे अजून यायचेत,
वीस तारखेला देते म्हणालीय.
आणि तो पन्नासचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

काल तिनं एक फोटो पाठवला.
पत्र्यावर माझे आकडे, एकाखाली एक,
जाळी बदलली, जाळी बदलली, पट्टा नवा,
शेवटची नोंद मी निघालो त्या शरदातली.
तिच्याखाली बरीच जागा सोडून
गोल गोल अक्षरात :
१६ जानेवारी. दांडी घासली. ओ. प्रु.

मधे कोरा पत्रा. सात हिवाळे.
त्या सगळ्यांची बिलं माझ्याकडे आहेत.