मुठीचं माप

मार्केट यार्डात एकतीस वर्षं तोलारी केली.
हळदीचं पोतं हमालाच्या पाठीवरून उतरून
फरशीवर वाजलं की सांगायचो,
ओल आहे, अजून दोन उन्हं दाखवा.
काटा मागाहून होय म्हणायचा.

आता हरिपूरच्या रस्त्याला, चिंचेखालच्या दोन खोल्यांत
पिठाचा डबा मांडीशी घेऊन बसलोय
आणि विचारतोय, किती?

त्रिशलाचा उजवा हात गळ्यात.
मोरीत पाय सटकला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे.
ती म्हणाली, बाहेरचा डबा लावायचा नाही,
आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून बसली,
अडत्या गादीवर बसतो तशी.

"लागेल तेवढं."
म्हणजे किती?
"हाताला कळेल तेवढं."
कळत नाही हाताला.
"कळेल. आधी आधण येऊ द्या.
शाळू जुना आहे, विरी गेलीय पिठाची."

पहिली भाकरी भेगाळली जतच्या रानासारखी.
दुसरी उचलताना अर्धी परातीतच राहिली.
ती हसली नाही. एवढंच म्हणाली,
"पोटात गेल्यावर सगळ्या गोलच."

तिच्या शिकवणीला वेळापत्रक नव्हतं.
मी मळत असताना मध्येच सांगायची,
तवा घासायचा नाही, पुसायचा.
पाणी गाळून झालं की फडकं झटकू नका,
उलटं धरून धुवा, ते पाणी आडात सोडून या.
आड बुजवून वीस वर्षं झाली, मी म्हटलं.
"मग कर्दळीत सोडा.
जिवांना आड काय, कर्दळ काय, ओल पाहिजे."

चौथ्या दिवशी माझ्या भाकऱ्या होईपर्यंत सूर्य बुडाला.
ती न जेवता झोपली. शब्द नाही.
पाचव्या दिवशी मी साडेचारलाच तवा ठेवला.

आणि रोज, पीठ घेऊन झालं की,
"वर एक मूठ."
दोघंच आपण. चार पुरतात.
"वर एक मूठ," पुन्हा तेच,
जसं मी बोललोच नाही.

पाचवी भाकरी सकाळी ताकात जायची.
एकदा मात्र मीटरचं रीडिंग घ्यायला पोरगा आला,
उन्हानं ओठ पांढरे पडलेले.
उभ्या उभ्याच खाल्ली त्यानं, जवसाच्या चटणीबरोबर,
आणि म्हणाला, काकू, हात चांगला आहे तुमचा.
तिनं प्लास्टर वर करून दाखवलं.
"हात त्यांचा आहे."
त्या दिवशीचं आकडेमोडीचं बिल मी न बघता भरलं.

मग वरच्या फळीवर जिरं शोधताना
हाताला लागला एक पत्र्याचा डबा, जड.
आत हळकुंडं. वास घेतला.
राजापुरी. हा माल मी ओळखला.
नमुन्याची मूठ. पोत्यापोत्यातून काढलेली,
शेतकऱ्यानं बघून न बघितल्यासारखी केलेली,
संध्याकाळी रुमालात बांधून मी घरी आणायचो ती.

"ती होय," त्रिशला म्हणाली,
"उंबऱ्याला लावते. कुणाचं बोट कापलं तर उगाळून देते.
शेवंताच्या म्हशीचा खूर चिघळला तेव्हा ओंजळभर दिली.
आमटीत विकतचीच घातली. पहिल्यापासून."

एकतीस वर्षं भुरकली ती आमटी.
जिभेला कळलं नाही, आणि म्हणे
पोत्याच्या आवाजावरून ओल ओळखतो.

बोलली का नाहीस?
"काटा तुमच्या हातात होता," ती म्हणाली,
"माझ्या हातात पीठ होतं."

आधण उकळत होतं.
मी चार भाकऱ्यांचं पीठ घेतलं.
वर एक मूठ.
मग आणखी एक.

"पुरे," खुर्चीतून आवाज आला,
"एका दिवसात फेडायला बसू नका, शिळं होईल.
आणि त्या तव्याकडे बघा.
पाणी सुकायच्या आत उलथा."