वाक्यात उपयोग

पाचवीत दिघे मास्तरांनी फळ्यावर लिहिलं:
मनात मांडे खाणे. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
मी लिहिलं: काल येळ्ळूरच्या लग्नात मी मांडे खाल्ले,
मनात नाही, मागच्या चुलीपाशी.

भोपळा.
खाली तांबड्या शाईत: मांडे खरे नसतात.

मास्तर वाईचे. वही बघून आई म्हणाली,
"खाल्लं नसंल की त्यानं कधी,"
आणि कणीक तिंबायला घेतली.

शहापुरातलं आमचं मागचं दार, पालथं मडकं,
खाली बाभळीचा जाळ. पिठीसाखर, वेलदोडा, तूप
पोटात घेऊन पोळी आईच्या हातांच्या पाठीवर
फिरत फिरत कोपरापर्यंत आली,
इतकी पातळ, की तिच्यातून मला
लाकडं सारणारी नीलव्वा दिसली.

मडकं पालथं घालायचं पहिल्यांदा कुणाला सुचलं?
"राजाला," नीलव्वा म्हणाली.
"राजा कधी फुंकणी घेऊन बसलाय?" आई म्हणाली.
"असंल कुणीतरी, तवा नसलेली."
त्यावर दोघी बराच वेळ भांडल्या,
एक मराठीत, एक कन्नडात,
आणि मांडा दोघींनी मिळून उचलला,
गरम असतानाच घडी घातली,
नाहीतर मग मोडतो.

(खूप वर्षांनी कुठंतरी वाचलं,
चालुक्यांच्या ताटात मंडक असायचा.
म्हणजे नीलव्वाचं थोडं खरं होतं.
पण वाढलेलं ताट सांगतात सगळे,
जाळाचं कोण सांगतंय.)

मग मनात कशाला खातात, मी विचारलं.
आईचं लक्ष मडक्याकडं.
नीलव्वानं बोटं मोजली: मांडवात शंभर पानं,
शंभर मांडे, करणारीला तुटलेले दोन,
आणि लाकडं आणणारीला वास.
"मनसिनल्लि मंडिगे. आमच्यातपण हेच म्हणतात," ती म्हणाली,
आणि हसली, धूर डोळ्यात गेल्यासारखी.
त्या दिवशी पहिला मांडा
आईनं तिच्या पदरात टाकला. माझा नंबर तिसरा.

दुसरा रद्दीच्या कागदात गुंडाळून शाळेत नेला.
वर्गात काही बोलायची हिंमत नव्हती.
मधल्या सुट्टीत टेबलावर ठेवला, आणि दारामागून बघत राहिलो.
मास्तरांनी कागद उलगडला. आधी वास घेतला.
पुस्तकाचं पान उलटावं तसा
एक पदर उचलला, तो तडकला,
साखर हजेरीपटावर सांडली,
नेमकी माझ्या नावाच्या आसपास.

भोपळ्याच्या आधी त्यांनी एक काही काढला नाही.
माझी वही तेवढी ओढली,
'नसतात'मधला न खोडला,
उरलेल्या 'सतात'ला पुढं अ जोडला,
आणि शाईचं बोट साखरेत बुडवून
चाटत चाटत
पुढची वही उघडली.