निळा गोल

ताकोराडीच्या लाकूड गिरणीत काम मिळेपर्यंत
क्वामेना मामा न्हाव्यांच्या दुकानांसाठी डोकी रंगवायचा.
एका फळीवर सहा डोकी, सहा तऱ्हांचे केस.
प्रत्येकाची भुवई वेगळी,
एकाला तर सोन्याचा दात, कारण पिवळा उरला होता.
"गिऱ्हाईक आधी डोळ्यात बघतं," मामा म्हणायचा,
"केस मग."

गिरणीत मिस्टर अँप्यांनी एक कागद पुढे सरकवला.
लाल गोल म्हणजे करू नका. पिवळा त्रिकोण म्हणजे जपून.
आणि निळा गोल, आत पांढरं माणूस: केलंच पाहिजे.
पांढऱ्या माणसाला डोळे नव्हते.
नाक नव्हतं. तोंड तर नव्हतंच.
कानांवर तेवढे दोन वाटगे उपडे घातलेले.
"हे कुणाचं डोकं?" मामानं विचारलं.
"कुणाचंच नाही. म्हणून सगळ्यांचं."
मामानं मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.
मला ठाऊक. त्याचे ब्रश मीच धुते.

पहिला गोल मोठ्या करवतीसमोर.
ओडुमचा ओंडका पात्यात शिरला
की दाढेच्या मुळापर्यंत कळ जायची.
मामानं शिडीवरून खाली पाहिलं.
एको, बावीस वर्षं त्याच जागी उभा.
आणि गोलात एकोच उतरला:
ती रुंद जिवणी, गालावरचा तीळ,
डाव्या कानाची फाटकी पाळी.
दुपारपर्यंत अख्खी गिरणी येऊन हसून गेली.
एको कामाला लागण्याआधी
स्वतःलाच सलाम ठोकायला लागला.

तीन दिवस.
चौथ्या दिवशी मिस्टर अँप्या म्हणाले, हे चालायचं नाही,
उद्या तपासणीवाले आले तर?
मामानं पांढऱ्यात ब्रश बुडवला.
आधी तीळ गेला. मग जिवणी.
डोळ्यांना वेळ लागला,
दोन हात मारले तरी काळं वर येत होतं.
एको खाली उभा राहून बघत होता,
कानात कापसाचे बोळे.

कारण कानांवरचे ते वाटगे गिरणीत होते नऊ
आणि माणसं एकेचाळीस.
नऊच्या नऊ कपाटात. कपाटाला कुलूप.
नऊ जणांनाच दिले तर भांडणं होतील, म्हणून.
मिस्टर अँप्या, खरं सांगते, वाईट माणूस नव्हता.
दर महिन्याला हेड ऑफिसला पत्र लिहायचा,
स्पेलिंग मला तपासायला द्यायचा.
पत्र दर महिन्याला तेच असायचं.
भिंतीवरचा तेवढा रात्रंदिवस नियम पाळायचा.
त्याला ना घाम, ना खाज.

सतरा गोल रंगवले आम्ही.
हातमोजे. बूट. चष्मा. कमरेला दोर.
रात्री डोळे मिटले तरी निळंच.
मामा बोलेनासा झाला. न्हाव्याच्या एका फळीवर
भुवयाच काढायला विसरला.

शेवटी डब्याच्या तळाशी चार बोटं निळा उरला.
गेटाबाहेर आंटी मान्सा बसते.
केळीच्या पानातली केंकी, तळलेली मासळी,
डोळ्यात पाणी आणणारा मिरचीचा ठेचा.
"माझ्या पेटीवर काढ की काहीतरी," ती म्हणाली,
"फुकटातलं."
मामानं निळा गोल काढला.
आत पांढरं माणूस, हातात केंकीचा गोळा.
आणि मग इकडे तिकडे बघून
त्याला तोंड दिलं. हे एवढं. सोन्याच्या दातासकट.
खाल्लंच पाहिजे.

गिरणीतला हा एकच हुकूम
एकेचाळीसच्या एकेचाळीस माणसं पाळतात.
जेवणाचा भोंगा झाला की रांग लागते.
एको पेटीवर वाकतो
आणि खाडीपलीकडच्या माणसाला विचारावं तसा
ओरडून विचारतो, किती?
आंटी मान्सा तोंडानं सांगत नाही.
तीन बोटं वर करते.

हे कधीपासून, मी तिला विचारलं.
"आता सगळ्यांनाच करते गं," ती म्हणाली,
आणि पुढचं पान सोडायला लागली.