मीठ असेल कदाचित

डंडीत जानेवारीचा दिवस पावणेचारलाच
फळ्या लावून घेतो, चिडक्या वाण्यासारखा.
त्याच सुमाराला मी प्रयोगशाळेचं कार्ड परत केलं.
मोरॅग म्हणाली, पेनं तेवढी घेऊन जा,
बाटल्यांवर लिहायची. ती तुझीच आहेत.

सात वर्षं मी एका प्रथिनाची वाट पाहिली.
त्यानं स्फटिक व्हावं, एवढंच मागणं.
टाचणीच्या टोकाएवढा, वेडावाकडा का होईना.
रोज सकाळी भिंगाखाली शहाण्णव खळगे
आणि वहीत: स्वच्छ. स्वच्छ. गाळ. स्वच्छ.
या दोन शब्दांत माझी तिशी बसली.

बाबा भुसावळला रसायनशास्त्र शिकवायचे.
फोनवर म्हणाले, आपल्या घरात
कुणी तराजू धरला नाही गं.
म्हटलं, बाबा, मी सात वर्षं तराजूच धरलाय,
काचेच्या पेटीतला, श्वास रोखून,
दशांशापुढे चार घरं.
फक्त विकलं काही नाही.
ते हसले नाहीत.
ज्याचं मीठ खाल्लं, एवढं म्हणाले,
आणि पुढचं दोघांनाही पाठ असल्यानं
वाक्य तिथंच ठेवून दिलं.

आता मी गालिचा घातलेल्या वर्गात बसते.
इथं कुणी हातमोजे घालत नाही,
सगळे हात हलवून बोलतात.
पहिल्याच आठवड्यात इफिओमानं आलेख काढला:
पाच वर्षांत विक्री तिप्पट,
रेघ अशी की कुणाच्या बापाला भीत नाही.
मी हात वर केला,
चुकीची शक्यता कुठं दाखवलीय?
वर्ग हसला. तीही हसली, मग थांबून म्हणाली,
लेगोसमध्ये आईच्या कापडदुकानात
ती मीच होते.
तेव्हापासून मी तिच्याच गटात.

घसारा मला समजावून सांगावा लागला नाही.
यंत्र रोज थोडं थोडं खर्ची पडतं,
ते माहीत होतं.
पण त्यासाठी वहीत वेगळा रकाना असतो,
दर वर्षी कुणीतरी तो न लाजता भरतं,
हे नवीन होतं.
हिशेबाच्या तासाला रडणारी
बहुधा मी पहिलीच.

मार्चात, परीक्षेच्या आदल्या रात्री, मोरॅगचा निरोप:
ट्रे तीनशे अकरा, खळगा डी-सात.
थंड खोलीत मागच्या फळीवर राहून गेला होता.
अक्षर तुझं. काहीतरी चमकतंय.
आणि खाली, कारण बाई प्रामाणिक:
मीठही असेल.

गेले. गळ्यात पाहुण्यांचं कार्ड.
भिंगाखाली तो होता, सगळ्या कडा शाबूत,
मुहूर्त टळल्यावर ऐटीत पोचलेल्या नवरदेवासारखा.
सुई टोचली की कळतं.
मीठ टक्कन वाजतं.
प्रथिन मुकाट चुरतं,
म्हणजे खरं असेल तर मोडूनच कळायचं.
मोरॅगनं सुई माझ्यापुढे धरली.
बराच वेळ धरली.
मी म्हटलं, कॅलमला दे.
उद्या. मी नसताना.

मग झोप कुठली.
उजाडताना टे नदीवर गेले.
जुना पूल कधीच पडला, त्याच्या खांबांचे बुंधे
नव्या पुलाला लागूनच पाण्यात उभे आहेत.
कुणी उपटले नाहीत.
वरून काही जात नाही.
एकावर पाणकावळा पंख वाळवत होता
आणि शेजारून एडिनबराची गाडी गेली,
त्यानं मान वळवली नाही.

तेवढ्यात बाबा.
झोपली होतीस?
नाही, जागले.
अभ्यासाला?
काय सांगणार होते.
मीठ असेल कदाचित, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ
नुसता भुसावळचा पंखा.
मग म्हणाले,
पेनं दोन घेतलीस ना?