हरकती व सूचना

प्रति, माननीय सचिव साहेब,
कॉपीराइटचा कायदा बदलणार म्हणून
तुम्ही हरकती मागवल्यात, महिन्याच्या आत.
पेपरात आलंय, आठव्या पानावर,
निविदांच्या खाली, मुंगीच्या अक्षरात.
नमुना अर्ज मिळाला नाही,
तेव्हा जसं तोंडात येतंय तसं लिहितो.

मी बाबालाल मुल्लाणी. शाहूपुरीत, स्टँडच्या मागं,
सहा बाय आठच्या गाळ्यात मोबाईल दुरुस्त करतो.
आधी कॅसेटी भरून द्यायचो. मग सीड्या.
मग मेमरी कार्डं, दहा रुपयांत शंभर गाणी.
गगनबावड्याकडं जाणारे ड्रायव्हर रांग लावायचे.
तुमच्या मसुद्यात जो ‘कोणताही इसम’ आहे
तो मीच. लपवत नाही.

गंगावेशीत म्हशीची धार ग्लासात काढून देतात.
एक ग्लास मी प्यालो, की मागच्याला तेवढी कमी.
गाण्याचं तसं नाही साहेब.
तुम्हाला दिलं तरी माझ्याकडं राहतंच,
तुम्ही मेव्हण्याला दिलं तरी तुमच्याकडं.
चोरी म्हणता,
तर पंचनाम्यात लिहिणार काय?
गेलेला माल: काही नाही.

तुम्ही म्हणाल, मग गाणाऱ्यानं खायचं काय.
खरा प्रश्न आहे. मलाबी रात्री पडतो.
दहातला एक रुपया कुठं पाठवायचा, असं
कॅसेट कंपनीच्या माणसाला विचारलं होतं मी एकदा.
तो हसला, आणि चहा सांगितला. माझ्याच खात्यावर.

शाहीर दौलत चिखलीकरांना त्या कंपनीनं
एकदाच दिले, साडेतीनशे रुपये
आणि एस.टी.चं जायचं-यायचं भाडं.
हक्क कायमचे कंपनीचे. खाली सही,
तीही कंपनीच्याच पेनानं.
पुढं कंपनी बुडाली. हक्क तरंगले,
आता कुणाच्या कपाटात आहेत कुणाला ठावं.
घरातली एकुलती कॅसेट महापुरात गेली,
ट्रंकेसकट, डफासकट.

गेल्या दिवाळीत एक माणूस आला गाळ्यावर.
आधी उगं चार्जरच्या पिना बघत बसला.
मग गिऱ्हाईक पांगल्यावर म्हणाला,
“आमच्या आबांचा आवाज हाय का वो तुमच्याकडं?
मी सर्जेराव. चिखलीकरांचा थोरला.
मुंबईला जाऊन आलो. त्यांनी कानावर हात ठेवले.”

होता माझ्याकडं.
जुन्या हार्ड डिस्कमध्ये, ‘मिक्स सात’ नावाखाली.
मला कागलच्या ट्रकवाल्यानं दिलेला,
त्याला निपाणीच्या साडूनं,
साडूला कुणी, ते साडूलाच म्हाईत.
टेपसमोर टेप धरून उतरवलेला पोवाडा,
मधेच कुणाच्या तरी घरातला कुकर शिट्टी देतोय.

सर्जेरावानं एका कानात इअरफोन घातला,
आणि दुसऱ्या कानावर हात ठेवला.
शाहीर ठेवतात ना चढ्या सुरात जाताना,
तसाच. अगदी तसाच.
स्टँडवर निपाणी-निपाणी ओरडत होते.
त्याला काही ऐकू जात नव्हतं.

कॉपीला चाळीस सेकंद लागली.
तेवढ्यात तुमच्या कलमानं आम्ही दोघंबी गुन्हेगार,
मी देणारा, आणि तो
बापाचा आवाज घरी नेणारा.
“किती झाले?” म्हणाला.
आयुष्यात कुणाला फुकट काही दिलं नाही मी,
बायको सांगंल तुम्हाला.
त्या दिवशी ड्रॉवर उघडायला हात गेला नाही.

सूचना करा म्हणता, तर करतो.
कार्डामागं रुपया घ्या, दोन घ्या, माझी ना नाही,
पण तो चिखलीत पोचतोय का ते बघा.
आणि ज्याच्या कपाटात गाणं मेलं
त्यानं, ज्याच्या खिशात ते जिवंत आहे
त्याला चोर म्हणू नये.
कायद्याच्या भाषेत हे कसं बसवायचं
ते तुम्हीच बघा, तुम्ही शिकलेली माणसं.

सोबत एक पेन ड्राइव्ह जोडलाय.
पोवाडा सतरा मिनिटांचा आहे, कुकरसकट.
ऐका. कुणाला द्यावासा वाटला तर द्या.
परत पाठवायची तसदी घेऊ नका,
माझ्याकडं आहे अजून.